पुरात बुडालेली पद्मिनी कन्याकुमारीपर्यंत न्यायची आहे, सुरुवात कुठून करू?

हरभट_रोड:
नमस्कार मंडळी. वडिलांची प्रीमियर पद्मिनी आहे, १९८७ चं मॉडेल, पेट्रोल, स्टेअरिंगवरचा गिअर, पुढे एकसंध सीट. सांगलीत गावभागात वाड्याच्या मागं पत्र्याच्या शेडमध्ये उभी आहे. २०१७ ला आरसी संपली तेव्हापासून ती रस्त्यावर आलेली नाही, आणि २०१९ च्या महापुरात आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांच्या वर गेलं (धोक्याची पातळी ४५ आहे) तेव्हा शेडमध्येपण शिरलं आणि पार सीटपर्यंत आलं. दाराच्या आतल्या बाजूला गाळाची रेघ अजून दिसते. पाणी उतरल्यावर सगळेजण घर आवरण्यात, गाडी वरून धुतली, कव्हर घातलं आणि ती तशीच राहिली.

आता अण्णा पंचाहत्तरीला आलेत. ही गाडी घेतली तेव्हापासून त्यांच्या मनात होतं की आईला घेऊन हिच्यातूनच कन्याकुमारीला जायचं, पण दुकान सोडून इतके दिवस कधी निघता आलं नाही. येत्या डिसेंबर-जानेवारीत त्यांना घेऊन जायचं मी ठरवलंय, जाऊन-येऊन पावणेतीन हजार किलोमीटर तरी होतील. दीड-दोन लाखापर्यंत खर्चाची तयारी आहे. इथल्या एका मेकॅनिकनं गाडी बघितली आणि "इंजिन गेलं, भंगारात द्या" म्हणाला, बॉनेटसुद्धा नीट उघडून बघितलं नाही. मला आधी काय करायचं ते सांगा. आणि हे खरंच होण्यासारखं आहे का तेपण स्पष्ट सांगा, अण्णांना उगाच आशा लावायची नाही.

बुलेट_विटा:
भावा लई भारी काम करतोयस. भंगारात द्या म्हणणाऱ्याकडं परत जाऊ नको. पद्मिनी म्हणजे फियाटच, आणि फियाटचं इंजिन सहजासहजी मरत नाही. नवी बॅटरी जोड, टाकीतलं पेट्रोल वापरू नको, बाटलीतून डायरेक्ट पेट्रोल दे, प्लग साफ कर आणि स्टार्टर मार. एकदा धडधडली की निम्मं काम झालं समज, मग बाकीचं हळूहळू करता येतंय. नाहीच झाली तर तिसऱ्या गिअरला टाकून ढकलून बघ.

पाना_१३:
विटेकर, तुमचा हेतू चांगला आहे पण स्टार्टर आणि ढकलणं दोन्हीला माझा सक्त विरोध आहे. नुसती पडून राहिलेली गाडी वेगळी आणि पुरात बुडालेली वेगळी. सीटपर्यंत पाणी म्हणजे इंजिनचं चेंबर (खालचं ऑइलचं भांडं), गिअरबॉक्स, मागचं हाऊजिंग (मागच्या एक्सलवरचा गिअरचा डबा), स्टार्टर, चारी ड्रम हे सगळं पाण्याखाली होतं आणि कृष्णेचा गाळ किती बारीक असतोय ते सांगलीकराला मी काय सांगू. तो गाळ आत असताना इंजिन फिरवलं तर ऑइल पंप तो सरळ बेअरिंगवर नेऊन घालणार. आज चांगला असलेला क्रँक (इंजिनाचा मुख्य दांडा) तुम्ही अर्ध्या मिनिटात घालवाल. माझं आयुष्य उद्यमनगरात याच कामात गेलंय, २०१९ आणि २०२१ नंतर पुरातल्या गाड्यांची नुसती रांग होती, त्यातली वाचण्यासारखी इंजिनं लोकांनी चालू करून बघायच्या नादात घालवलेली मी बघितली आहेत.

हरभट भाऊ, आता तुमच्यासाठी. पहिल्यांदा डिपस्टिक काढा. त्यावर दुधाचा चहा लागल्यासारखं दिसलं तर ऑइलमध्ये पाणी आहे. साफ दिसली तरी विश्वास ठेवू नका, एवढ्या वर्षांत पाणी खाली बसून ऑइल वर आलेलं असतंय. ड्रेन बोल्ट एकदम काढू नका, सावकाश सैल करा आणि खाली पांढरा डबा धरा. पाणी जड, म्हणून बोल्ट सुटला की पहिल्यांदा पाणी पडतं, मग गढूळ, मग काळं ऑइल. गिअरबॉक्स आणि हाऊजिंगला पण हेच. डब्यात काय पडलं त्याचे फोटो टाका, निम्मा निदान तिथंच होईल.

मग चेंबर खाली उतरवून धुवायचं, पंपाची जाळी साफ करायची. चेंबर खाली आलंय तर एक-दोन बेअरिंग कॅप खोलून शेल (बेअरिंगची आतली पट्टी) बघून घ्या, पुसट रेघा असल्या तर चालतंय, गंजाचे खड्डे असले तर क्रँक बाहेर काढावा लागेल. चारी प्लग काढून प्रत्येक सिलिंडरमध्ये पातळ ऑइल आणि डिझेल मिसळून दोन-दोन चमचे सोडा आणि चार-आठ दिवस तसंच ठेवा. नंतर क्रँकच्या पुलीला पाना लावून हातानं फिरवायचं, थोडं पुढं थोडं मागं. जोर लावायचा नाही, पान्याला पाईप तर अजिबात लावायचा नाही. फिरलं की नवीन २०डब्ल्यू-५० ऑइल, नवा फिल्टर, आणि प्लग बाहेर ठेवूनच स्टार्टर मारत राहायचं ऑइलचा दिवा विझेपर्यंत. मग प्लग लावा आणि मग काय ते चालू करा.

आणि हे सगळं करायच्या आधी ब्रेक. खरं तर इंजिनाला हात लावायच्या आधी मी ब्रेकच सोडवतो. चालू न झालेली गाडी शेडमध्ये उभी राहते, पण चालू झालेली आणि न थांबणारी गाडी माणसं घेऊन जाते. मास्टर सिलिंडर आणि चारी चाकांचे व्हील सिलिंडर खोला. आत खड्डे पडले असतील तर नुसतं रबराचं किट टाकून उपयोग नाही, पंधरा दिवसांत परत गळतात. कुपवाड एमआयडीसीत लेथवाल्याकडून पितळेची स्लीव्ह (आतली नळी) बसवून घ्या नाहीतर नवीन सिलिंडर शोधा. रबरी होज सगळे बदला, वरून चांगले दिसले तरी. जुना होज आतून फुगतो, पाय दाबला की ऑइल जातं पण पाय काढल्यावर परत येत नाही आणि ते चाक धरून राहतं. लोखंडी पाईप मागच्या बाजूला कुठं गंजलेत ते नखानं खरवडून बघा. ब्रेक ऑइल डॉट-३ किंवा डॉट-४, सीलबंद डब्यातलं.

होण्यासारखं आहे का विचारलंत. पत्रा चांगला असेल तर नक्की आहे. या गाडीला वेगळी चॅसी नाही, बॉडी हीच चॅसी. मागचे पाटे (स्प्रिंग) जिथं अडकवलेत तिथला पत्रा, दाराखालचे साईडचे भाग आणि पायाखालची फ्लोअर, इथं मॅट काढून स्क्रू ड्रायव्हरनं टोचून बघा. आरपार गेला तर आधी पत्र्याचं काम करावं लागेल आणि तुमचं निम्मं बजेट तिथं जाईल.

मिरज_जंक्शन:
दादा, पाना काकांनी सांगितलंय ते अक्षरशः पाळा. मी कागदाचं आणि पेट्रोलचं सांगते, कारण माझ्याकडं पण पद्मिनी आहे आणि हे दोन्ही मी केलंय.

आरसी रिन्यू करायला गाडी आरटीओत फिटनेसला न्यावी लागते, म्हणजे लाईट, हॉर्न, ब्रेक, वायपर सगळं चालू पाहिजे. त्यामुळं हे काम शेवटच्या आठवड्यावर ढकलू नका. ऑगस्ट २०२५ च्या नियमानं २० वर्षांपुढच्या कारला रिन्यूअलची फी १०,००० झालीय, वर महाराष्ट्राचा पर्यावरण कर, उशिराचा दंड, शिवाय एचएसआरपी नंबरप्लेट. रिन्यूअल पाच वर्षांचं मिळतं. व्हिंटेजमध्ये नोंदवा असं कोणी सुचवलं तर ऐकू नका, ते ५० वर्षांच्या पुढच्या गाड्यांसाठी आहे आणि तशी गाडी रोजच्या वापराला चालवता येत नाही. पीयूसीला धूर जास्त दाखवला तर आधी कार्बोरेटर आणि इग्निशनचे पॉइंट बघा, पीयूसीवाल्याशी भांडून उपयोग नाही.

आता पेट्रोल. तुमची गाडी उभी राहिली तेव्हाचं पेट्रोल आणि आत्ताचं पेट्रोल यात फार फरक पडलाय, आता पंपावर २० टक्के इथेनॉल असतं. जुन्या काळ्या रबराला ते मानवत नाही. एसी पंपाचा (म्हणजे पेट्रोल पंपाचा, इंजिनाजवळचा) डायफ्राम कडक होऊन फाटतो, पेट्रोलचे होज मऊ पडून घाम फुटल्यासारखे ओले दिसायला लागतात, कार्बोरेटरमधली वॉशर फुगतात. म्हणून पंपाचं किट आणि सगळे होज इथेनॉलला चालणारेच मागा, दुकानदार "सगळे सारखेच असतात" म्हणाला तर दुसऱ्या दुकानात जा. इथेनॉल पाणी ओढतं, आणि पाणी जास्त झालं की दोन्ही मिळून टाकीच्या तळाला वेगळं बसतं. त्यामुळं टाकी उतरवून आतून स्वच्छ करून घ्या, टाकी आणि पंपाच्या मध्ये काचेचा किंवा पारदर्शक फिल्टर टाका म्हणजे काय येतंय ते डोळ्याला दिसेल. परत कधी महिनाभर गाडी उभी ठेवायची असेल तर कार्बोरेटर रिकामा करून ठेवा.

स्पेअरसाठी पुण्यात नाना पेठ. मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ ला बंद झाली, त्यानंतर माल पहिल्यासारखा मिळत नाही. मिळेल तिथं जोडीनं घ्या.

हरभट_रोड:
सगळ्यांचे मनापासून आभार, पाना काका तुमचे विशेष. तुमचं वाचल्यावर बॅटरी जोडलीच नाही. आज एका ओळखीच्या मुलाला घेऊन खाली झोपून बोल्ट सोडले. इंजिनातनं जवळपास पाव लिटर पाणी आलं आणि त्यामागून काळं ऑइल, दुधाळ नाही. गिअरबॉक्समध्ये पाणी नव्हतं म्हटलं तरी चालेल. हाऊजिंगमध्ये मात्र पाणीच पाणी, शेवटी तर चिखलाचा गोळा बोल्टला अडकून राहिलेला, काडीनं काढावा लागला. पत्रा टोचून बघितला, ड्रायव्हरच्या पायाखाली एका जागी आरपार गेला, पाट्यांजवळ मात्र टणक लागला. मागची दोन्ही चाकं ड्रमला धरलीत, हलत नाहीत. अण्णा खुर्ची टाकून शेजारी बसले होते, कुठला बोल्ट कुठल्या पान्याला लागतो ते त्यांना सगळं आठवतंय.

हाऊजिंगचं काय करू?

पाना_१३:
पाट्यांजवळचा पत्रा टणक आहे ही सगळ्यात चांगली बातमी. पायाखालचा तुकडा कापून नवीन पत्रा वेल्ड करून घ्या, नुसता वर चिकटवू नका.

हाऊजिंग खोलायचंच, फ्लश मारून भागणार नाही. क्राऊन आणि पिनियनच्या (हाऊजिंगमधले दोन मुख्य गिअर) दातांवर गंज असेल तर आवाज करेल पण एकवेळ चालेल, बेअरिंगवर गंज असला तर बदलायचंच. एक्सलची सील दोन्ही बाजूची नवीन टाका, नाहीतर हाऊजिंगचं ऑइल ब्रेक ड्रममध्ये उतरतं आणि लायनर भिजून ब्रेक जातो. नवीन ऑइल ९० नंबरचं. हवा जायला वर बारीक भोक असतं ते गाळानं बुजलेलं असणार, तार घालून मोकळं करा, ते बंद राहिलं तर नवीन सीलसुद्धा गळतंय.

मागची चाकं धरलीत त्याला हातोडीनं ठोकत बसू नका, ड्रम बिडाचा असतोय, तडा जाईल. आधी हँडब्रेकची केबल सोडा, ब्रेकचं अ‍ॅडजस्टमेंट मागं घ्या, कडेनं गंज सोडवणारं स्प्रे मारून रात्रभर ठेवा, मग लाकडी ठोकळा लावून गोल फिरत हळू मारा. चारी चाकांच्या बेअरिंगमधलं ग्रीस धुवून गेलंय असं धरूनच चाला. पुढच्या किंगपिनला ग्रीस निपल आहेत, त्यातून जुनं काळं ग्रीस बाहेर येऊन नवीन दिसेपर्यंत गन मारायची.

कागल_चेकपोस्ट:
मला एक सुचवावंसं वाटतं. एवढा खर्च करताच आहात तर मारुतीचं वापरलेलं इंजिन-गिअरबॉक्स घाला ना, पाच गिअर मिळतील, अ‍ॅव्हरेज मिळेल, स्पेअर कुठल्यापण गावात मिळतंय. माझ्या मित्रानं केलंय, हायवेला ९० नं जाते. १०८९ सीसीचं जुनं इंजिन घेऊन तीन राज्यं फिरायची म्हणजे रिस्कच आहे.

मिरज_जंक्शन:
इंजिन बदललं की ते आरसीवर चढवावं लागतं, मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे आरटीओची परवानगी लागते. न चढवता नेली आणि बाहेरच्या राज्यात काही झालं तर इन्शुरन्सवाले हात वर करतात. आणि इथं आरसी मुळातच संपलेली आहे, त्यात हा घोळ नको. दादांचं इंजिन फिरण्यासारखं आहे, बदलायचं कशाला?

पाना_१३:
ताईंशी सहमत. शिवाय ९० चा वेग आला म्हणून ड्रम ब्रेक ९० चे होत नाहीत. गाडी साठच्या आसपास चालवा, ती दिवसभर तशी चालते. मूळ इंजिनाचा एक फायदा असा की त्यात बिघडण्यासारखं जे काही आहे ते रस्त्याच्या कडेला दोन पाने आणि पॉलिश पेपरनं दुरुस्त होतंय.

त्याचं हेड अ‍ॅल्युमिनियमचं आहे एवढं मात्र डोक्यात पक्कं ठेवा. गरम होऊन उकळलं की हेड वाकतं आणि गॅस्केट जातं, आणि मग तुम्ही होसूरला लॉजवर चार दिवस. रेडिएटर काढून रॉडिंग (नळ्यांत सळी घालून सफाई) करून घ्या, गाळ आणि गंज दोन्ही निघेल. वॉटर पंप हातानं हलवून बघा, खेळला तर बदला. फॅन बेल्ट नवा आणि एक जादा. नळाचं पाणी घालू नका, कूलंट घाला. काट्यावर लक्ष ठेवायचं काम शेजारी बसणाऱ्याला द्या, म्हणजे अण्णांना द्या, त्यांच्याइतकं ते कोणी नीट करणार नाही.

पॉइंट, कंडेन्सर, रोटर, कॅप, प्लगच्या वायरी सगळं नवीन, आणि या प्रत्येकाचा एकेक जादा नग डिकीत. आजकालचे कंडेन्सर फार बेकार निघतात. नवीन बसवला तर काढलेला चालू कंडेन्सर टाकून देऊ नका, तोच पिशवीत ठेवा.

घाटवेडी:
रस्त्याबद्दल लिहिते कारण या रस्त्यानं जुन्या गाडीतून आम्ही गेलोय. जयसिंगपूरवरून कोल्हापूर, तिथून राष्ट्रीय महामार्ग ४८ नं निपाणी, बेळगाव, हुबळी, दावणगेरे, चित्रदुर्ग, तुमकूर, बंगळूर आणि पुढं ४४ नं होसूर, सेलम, मदुराई, कन्याकुमारी. कोल्हापूर-कागल पट्ट्यात सहापदरीच्या कामामुळं वळणं आहेत, तिथं ट्रकच्या मागं क्लच घासत बसावं लागतं त्यामुळं पहाटे निघा. निपाणीनंतर तवंदी घाट लागतो, तोच तुमचा पहिला पेपर, पण खरं तर त्याच्या आधीच घरचा पेपर द्या. सांगलीतनं पन्हाळा किंवा जोतिबाला गाडीत चौघं आणि सामान भरून चढून उतरा. उतरल्यावर गाडी थांबवून चारी ड्रमच्या जवळ हात नेऊन बघा (चिकटवू नका, भाजतं). एखादं चाक बाकीच्यांपेक्षा जास्त तापलं असेल तर तिथं ब्रेक धरतोय, एखादं अगदीच गार असेल तर तिथं ब्रेक लागतच नाही. एवढं साधं काम लोक करत नाहीत.

सगळ्यात सांभाळायची जागा म्हणजे धर्मपुरी आणि सेलमच्या मधला तोप्पूर घाट. बंगळूरकडनं जाताना तो लांबलचक उतार आहे, अपघातासाठी बदनाम. ड्रम ब्रेक सारखा दाबून धरला की तापून धरेनासा होतो. वरच्या टोकाला थांबा, गाडी थंड होऊ द्या, तिसऱ्या नाहीतर दुसऱ्या गिअरला टाकून इंजिनवर उतरा आणि ब्रेक दाबून-सोडून वापरा. न्यूट्रल कधीच करू नका. मागचा ट्रकवाला हॉर्न वाजवत असेल तर वाजवू द्या, पुढं जाऊ द्या.

दुपारी ऊन असताना गाडी धापा टाकून बंद पडली आणि करंट येतोय पण पेट्रोल येत नाही असं झालं तर व्हेपर लॉक आहे, पंप आणि पाईप तापून आत पेट्रोलची वाफ होते. ओला फडका पंपावर ठेवा, पंधरा-वीस मिनिटं बॉनेट उघडून थांबा, आपोआप चालू होते. पेट्रोलचा पाईप सायलेन्सरच्या बाजूनं जात असेल तर अंतर ठेवा. आईवडील बरोबर आहेत, दिवसाला तीनशेच्या पुढं जाऊ नका आणि अंधार पडायच्या आत मुक्कामाला पोचा, जुने हेडलाईट हायवेला पुरत नाहीत.

टायरवर चार आकडे असतात, पहिले दोन आठवडा आणि नंतरचे दोन वर्ष. तुमच्या टायरला गोटी (वरची नक्षी) कितीपण शिल्लक असू दे, पाचवा टायर धरून सगळे बदला. या गाडीचा मूळ साईज ५.२०-१४, तो मिळायला वेळ लागतो म्हणून ऑर्डर आत्ताच द्या.

बुलेट_विटा:
पाना काका, मी चालू करून बघायला सांगितलं होतं ते पुराच्या गाडीला लागू नाही हे पटलं. हरभट भावा, विट्याला एकांची पद्मिनी सुटी करून ठेवलीय, मागच्या हाऊजिंगसकट. क्राऊन-पिनियन खराब निघालं तर मला मेसेज कर, मी बघून येतो.

हरभट_रोड:
बुलेट भावा, मेसेज करतोच. हाऊजिंग कुपवाडला खोललं, दातांवर नुसता डाग आहे पण बेअरिंग गेलंय. बेअरिंगवरचा नंबर वाचता येत नाहीये, घासून बघितलं तरी नाही. विट्याच्या हाऊजिंगवरचा नंबर वाचून सांगशील का? टायरची ऑर्डर आज दिली. ब्रेकच्या सिलिंडरपैकी पुढचे दोन स्लीव्हला दिलेत, मागचे नाना पेठेत नवीन मिळाले. आणि काका, मास्टर सिलिंडरच्या आत डाव्या बाजूला तांदळाच्या दाण्याएवढा एक खड्डा आहे, रबर जिथून फिरतं त्याच्या पलीकडं. चालेल का?

पाना_१३:
नाही चालणार. लायनर झिजला की पेडल खाली जातं आणि रबर तिथवर पोचतं, आणि ते नेमकं उतारावर होतं. त्यालापण स्लीव्ह मारा, त्याच लेथवाल्याकडं आजच द्या. बेअरिंग नंबर नाही मिळाला तरी अडत नाही, आतला व्यास, बाहेरचा व्यास आणि जाडी व्हर्नियरनं मोजून इथं टाका, त्यावरनं काढून देतो.